नियत आहे, पण शिकायलाही हवे

परवा आम्ही एका ओळखीच्या घरी गेलो होतो. मुलगी बी.ए. झाली आहे. तिला एमएसडब्ल्यू करायचे आहे. तिचे अब्बा म्हणाले, "खिदमतीसाठी डिग्री कशाला? आपण जकात देतो, रमजानमध्ये रेशन वाटतो. हेच तर समाजकार्य!" अम्मीची काळजी वेगळी. "ही एकटी वस्त्यांमधून फिरणार. लोक काय म्हणतील?"

आम्ही अब्बांना विचारले, "भाई, मोहल्ल्यातल्या ज्या बेवा बाईला तुम्ही दरवर्षी रेशन देता, तिने संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला आहे का? तिचा मुलगा शाळेत जातो का?" त्यांना माहीत नव्हते. त्यांची नियत साफ आहे, यात शंका नाही. पण रेशनने महिना निघतो. ती बाई पुढच्या वर्षी त्याच रांगेत पुन्हा का उभी राहते, हे शोधायला शिकावे लागते.

हे शिक्षण तेच शिकवते. बीएसडब्ल्यू बारावीनंतर करता येते. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचे, ते कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर. एका माणसाची, एका गटाची आणि अख्ख्या वस्तीची अडचण कशी समजून घ्यायची, कायदा काय सांगतो, हे वर्गात शिकवतात. आठवड्यातले साधारण दोन दिवस रुग्णालयात, शाळेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम असते. अम्मीला आम्ही सांगितले, "भाभी, हे भटकणे नव्हे. कॉलेज संस्था ठरवून देते, मार्गदर्शक शिक्षक असतात, केलेल्या कामाचा अहवाल लिहावा लागतो."

शिवाय विचार करा. मारहाणीला कंटाळून आपली एखादी बहीण पोलीस ठाण्यात जाते, तेव्हा समोर तिची भाषा आणि तिचे घर समजणारी मुलगी असली तर? पोलिसांच्या आवारात अशा बायकांसाठी विशेष कक्ष मुंबईत १९८४ साली सुरू झाला, आणि तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याच बसतात.

खरे तेही सांगायला हवे. छोट्या संस्थांत सुरुवातीचा पगार कमी असतो, नोकरी बरेचदा कंत्राटी असते. रुग्णालये, कौटुंबिक न्यायालये, सरकारी प्रकल्प, कंपन्यांचे सामाजिक निधी, या जागाही आहेत. पण त्यातल्या बऱ्याच पदवीशिवाय मिळत नाहीत.

भारतात या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली, आणि तीही आपल्या नागपाड्यात. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तिथेच जन्मली. मग आपल्याच मुलींना त्याचा दरवाजा परका का वाटावा?

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "चल बेटी, आधी त्या बाईकडे जाऊन येऊ. अर्जाचे बघू." आम्ही मनात म्हटले, इन्शाअल्लाह, पहिला धडा घरातूनच सुरू झाला.