विश्लेषण : माशाच्या काट्याची जखम आणि ‘स्ट्राँग’ औषधाचा भ्रम

मासळी साफ करताना काटा बोटात घुसतो किंवा घरातली माशांची टाकी धुताना हात खरचटतो. काही दिवसांनी बोट सुजते आणि औषधाच्या दुकानात मागणी होते, ‘काहीतरी स्ट्राँग द्या.’ प्रश्न औषध किती जोरकस आहे हा नसून आत कोणता जिवाणू शिरला आहे, हा आहे.

एकाच जखमेत किती शक्यता?

नेहमीच्या पू करणाऱ्या जिवाणूंखेरीज निदान तीन.

एरिसिपेलोथ्रिक्स : मासळी-मटण हाताळणाऱ्यांच्या बोटांवर आठवडाभरात जांभळट, ठणकणारी सूज येते, पू सहसा नसतो. साध्या पेनिसिलिनने तो बरा होतो. मात्र गंभीर संसर्गांसाठी रुग्णालयात राखून ठेवले जाणारे व्हँकोमायसिन त्याच्यावर चालत नाही.

मायकोबॅक्टेरियम मरिनम : क्षयाच्या जिवाणूचा हा भाऊबंद १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांमध्ये सापडला. जखमेनंतर काही आठवड्यांनी गाठ येते, मग हातावर वरच्या दिशेने गाठींची रांग लागते. इथे पेनिसिलिन कुचकामी. क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन यांपैकी सहसा दोन औषधे काही महिने घ्यावी लागतात. क्षयावरचे पायराझिनामाइड मात्र याला लागू पडत नाही.

व्हिब्रिओ व्हल्निफिकस : समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यातला. काही तासांतच सूज पसरते, फोड आणि ताप येतो. यकृताचा आजार असलेल्यांना धोका सर्वाधिक. इथे अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. तातडीची इंजेक्शने आणि अनेकदा शस्त्रक्रिया लागते.

तपासणीत काय निसटते?

प्रयोगशाळेत नमुना साधारणपणे ३७ अंश सेल्सियसला वाढवतात. मरिनमला सुमारे ३० अंश मानवतात. डॉक्टरांनी संशय कळवला नाही, तर अहवाल ‘वाढ नाही’ असा येऊ शकतो आणि रुग्ण महिनोन्‌महिने चुकीच्या गोळ्या खात राहतो. अशा गाठीचा वरवरचा पू पुरत नाही, त्वचेचा छोटा तुकडा तपासावा लागतो. वाढ दिसायला काही आठवडे लागतात.

रुग्णाने काय करावे?

काम काय करता, जखम कशाने आणि कधी झाली, हे न विचारताही सांगावे. आधी घेतलेल्या गोळ्यांची नावे द्यावीत. स्टेरॉइड मिसळलेले मलम मनाने लावू नये. लाली ओसरते, संसर्ग आत वाढतो. गाठ दोन आठवड्यांत हटली नाही, तर गोळी बदलण्याआधी नमुना तपासायला सांगावे.

जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. ‘तुमचा हात रोज कशात असतो?’ हा प्रश्न विचारायला डॉक्टरांना अर्धा मिनिट पुरतो. औषधाची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.