चांदीची तार आणि कानाचा हिशेब

वीस-पंचवीस हजारांचे हेडफोन घेऊन झाले की बऱ्याच जणांच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतो : आता केबल बदलू का? डब्यातून आलेली काळी, साधी तार त्या हेडफोनला शोभत नाही असे वाटू लागते. मोबाइलवर चांदीचा मुलामा दिलेल्या, वेणीसारख्या विणलेल्या, चकचकीत प्लगच्या केबल दिसत राहतात. किंमत हजार-दोन हजारांपासून सुरू होते आणि पार लाखाच्या घरात जाते. आवाज खुलेल, पडदा बाजूला होईल, वादक समोर बसल्यासारखा वाटेल, अशी आश्वासने सोबत असतात. नवी पेठेत जी वस्तू मिळणार नाही ती आता सोलापुरात घरपोच येते, त्यामुळे हा प्रश्न फक्त मुंबई-पुण्याच्या शौकिनांचा राहिलेला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. केबल तुटली असेल, आखूड पडत असेल, कपड्याला घासून खरखर करत असेल, तर जरूर बदला. पण आवाज सुधारेल या आशेने पाच-दहा हजार घालवू नका. आणि बदललीच, तर आवाजाच्या पातळीवर लक्ष ठेवा. कारण या व्यवहारात खिशाला बसणारी चाट भरून येते. कानाला बसलेली येत नाही.

केबलचे काम साधे आहे. फोनमधून किंवा अँप्लिफायरमधून निघालेला विजेचा संकेत कानाजवळच्या छोट्या स्पीकरपर्यंत पोहोचवायचा. तार म्हटली की तिचा रोध आलाच, म्हणजे वीज जाताना थोडी अडणार. हा रोध ओहममध्ये मोजतात. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे हे खरे, पण किती? पाच-सहा टक्क्यांनी. तांब्याची तार किंचित जाड घेतली की हा फरक भरून निघतो. ‘ऑक्सिजनविरहित’ म्हणून विकले जाणारे तांबे आणि विजेच्या तारांमधले नेहमीचे तांबे यांच्या वहनक्षमतेतला फरक तर जेमतेम एका टक्क्याचा.

आकड्यांत पाहू. दीड मीटरच्या एखाद्या केबलचा जाण्या-येण्याचा मिळून रोध ०.४ ओहम धरा. ती ३०० ओहमच्या हेडफोनला जोडली (सेनहायझरचा एचडी ६०० हा या गटातला प्रसिद्ध हेडफोन), तर तारेमुळे होणारी घट एका डेसिबलच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते. ३२ ओहमच्या हेडफोनला ती सुमारे एक दशांश डेसिबल होईल. आता तेवढ्याच जाडीची शुद्ध चांदीची तार घेतली, तर ०.४ चे ०.३८ ओहम होतील. आवाजात पडलेला फरक डेसिबलच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा लागेल. माणसाच्या कानाला साधारण एक डेसिबलचा, फार लक्ष दिले तर अर्ध्या डेसिबलचा फरक जाणवतो.

आणखी दोन दावे नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की वरच्या पट्टीतल्या स्वरांची वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, म्हणून वरचा चांदीचा थर महत्त्वाचा. हा परिणाम खरा आहे, पण २० हजार हर्ट्झला, म्हणजे आपल्या ऐकण्याच्या वरच्या टोकालाही, तांब्यात वीज पृष्ठभागापासून जवळपास अर्धा मिलिमीटर आत शिरलेली असते. हेडफोनच्या केबलमधली तार मुळात याहून बारीक असते, तेव्हा वीज तिच्या सगळ्या जाडीतून वाहते. दुसरा दावा केबलवरच्या बाणाचा : अमुक बाजू फोनकडे, तमुक हेडफोनकडे. आवाजाचा संकेत हा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह असतो. त्याला बाण दाखवून काय होणार?

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. कानाच्या आत बसणाऱ्या काही इअरफोनमध्ये एकेका कानासाठी चार-सहा बारीक ड्रायव्हर असतात. अशांचा रोध स्वराच्या पट्टीनुसार बदलतो : कुठे वीस ओहम, तर कुठे पाचच. अशा इअरफोनला एक ओहम रोधाची बारीक केबल लावली, तर दोन पट्ट्यांमध्ये एक डेसिबलहून थोडा जास्त फरक पडतो आणि तो कानाला कळू शकतो. म्हणजे ‘केबलने कधीच काही होत नाही’ हेही खरे नाही. पण इथे काम करतो तो तारेचा रोध. तो कमी करायला जरा जाड, साधी तांब्याची केबल पुरते. चांदीचे तिथे काही अडत नाही.

मग केबल बदलल्यावर अनेकांना स्पष्ट फरक ऐकू येतो तो कसा? ते खोटे बोलत नाहीत. आपण फक्त कानाने ऐकत नाही. अपेक्षा, किंमत, दिसणे, हातातले वजन हे सगळे ऐकण्यात मिसळते. शिवाय एक केबल काढून दुसरी लावायला मिनिट-दोन मिनिटे जातात आणि आवाजातल्या बारकाव्यांची आठवण तेवढा वेळही नीट टिकत नाही. नवी केबल लावल्यावर आपण एरवीपेक्षा मन लावून ऐकतो, म्हणून एरवी निसटलेला तबल्याचा बारीक ठेका सापडतो. तो आधीही तिथेच होता. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या स्वरप्रतिसादाचा आणि किमतीचा काही संबंध त्याला आढळला नाही. खुद्द हेडफोनची ही गत, तर तारेच्या किमतीवरून आवाज ठरवण्यात काय अर्थ?

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, आणि इथूनच हा विषय आरोग्याचा होतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्ज आणि वरचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच गाणे थोडे मोठ्याने वाजवले की जास्त भरीव, जास्त स्पष्ट वाटते. दोन वस्तूंची तुलना करताना जी थोडी मोठ्याने वाजते ती ‘चांगली’ ठरते.

आता बाजारात सर्वाधिक खपणारी सुधारणा पाहा : साध्या ३.५ मिलिमीटर प्लगऐवजी ४.४ मिलिमीटरचा ‘बॅलन्स्ड’ प्लग. अनेक अँप्लिफायर आणि डाँगलमध्ये या जागेतून दुप्पट व्होल्टेज मिळते. व्होल्टेज दुप्पट म्हणजे आवाज सहा डेसिबलने जास्त. व्हॉल्यूमचा आकडा तोच ठेवून केबल बदलली, तर आवाज खुललाच म्हणून समजा! श्रेय मात्र तारेच्या विणीला जाते.

या सहा डेसिबलची किंमत किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या निकषानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. पातळी तीन डेसिबलने वाढली की मुभा निम्म्यावर येते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला फक्त १०. म्हणजे केबल बदलताना नकळत वाढलेले सहा डेसिबल आठवड्यातले तीस तास खाऊन टाकतात. ९० डेसिबलला सुमारे चार तास उरतात आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटे. लहान मुलांसाठी हा हिशेब ८० ऐवजी ७५ डेसिबलपासून सुरू होतो. ऐकण्याच्या अशा सवयींमुळे जगातल्या शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात असल्याचे ही संघटना सांगते.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, मग मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने होणारी हानी बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते, आणि वय वाढते तसे सगळ्यात वरचे स्वर आधी जातात. चांदीच्या तारेतून ज्या वरच्या स्वरांचा शोध घ्यायचा, तेच मोठ्या आवाजापायी गमवायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

सोलापुरात हे जास्त जपून बोलायला हवे, कारण इथल्या कित्येक कानांवर आधीच भार आहे. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात उभे राहून पाहा. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. जुन्या धोट्याच्या मागांजवळ आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाशी घरात मोठ्याने बोलावे लागते, हे इथल्या अनेक कुटुंबांनी नशीब म्हणून मान्य केले आहे. त्यात वर्षभराच्या मिरवणुका. उत्सव कोणाचाही असो, लेझीम-हलगीच्या जागी भिंतीएवढे स्पीकर आले आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषण नियमांत २००० सालापासून आहे. मिरवणुकीच्या रस्त्यावर ती कोणाला आठवते?

कान या सगळ्याची वेगवेगळी खाती ठेवत नाही. मागाचा खडखडाट, मिरवणुकीचा दणका आणि हेडफोनमधला मालकंस, सगळे एकाच वहीत चढते. दिवसभर शेडमध्ये काम करून संध्याकाळी हेडफोन लावणाऱ्या तरुणाची आठवड्याची मुभा तर हेडफोन हातात घेण्यापूर्वीच संपलेली असते. मागावर काम करणाऱ्यांना कानात घालायचे बोळे मालकांनी द्यायला हवेत आणि कामगारांनी ते वापरायला हवेत. काही रुपयांची ही वस्तू हजारोंच्या केबलपेक्षा संगीताची जास्त सेवा करील.

तरीही केबल घ्यायचीच असेल, तर आधी एक परीक्षा घ्या. मित्राला बोलवा. दोन्ही केबलवर आवाज अगदी सारखा ठेवा. तुमची पाठ फिरवून त्याला दहा वेळा मनाला येईल ती केबल लावू द्या आणि कोणती ते तुम्ही ओळखा. दहापैकी पाच-सहा वेळा तर नाणे उडवूनही बरोबर येते. नऊ वेळा ओळखलीत, तर तुमच्या कानाला फरक कळतो असे मानायला जागा आहे. मग पैसे खुशाल मोजा.

निवड करताना बघायच्या गोष्टी साध्या आहेत. आपल्या हेडफोनला कोणता प्लग बसतो ते आधी पाहावे. इअरफोनमध्ये एमएमसीएक्स आणि ०.७८ मिलिमीटरचा दोन पिनांचा, हे दोन प्रकार जास्त आढळतात आणि ते एकमेकांना चालत नाहीत. लांबी गरजेपुरती असावी. तार मऊ असावी, कपड्याला घासली तर तिची खरखर कानात येऊ नये. प्लगपाशी तार वाकते तिथे रबराचा भक्कम आधार असावा, कारण केबल तुटते ती बहुधा तिथेच. विक्रेत्याला रोध किती ओहम ते विचारा. चांगल्या मालवाल्याला ते सांगता यायला हवे. टॉवेल घेताना आपण जाहिरात वाचत बसत नाही. हाताने पोत पाहतो, वजन तोलतो, काठ ओढून बघतो. तीच नजर इथेही लावावी. नुसता प्लग सैल झाला असेल, तर दुरुस्ती करणारा तो थोडक्या पैशांत नव्याने सोल्डर करून देतो. आणि आवाज खरोखर बदलायचा असेल, तर इअरफोनचे रबरी बूच योग्य मापाचे घ्या किंवा हेडफोनच्या झिजलेल्या गाद्या बदला. तिथून हवा निसटली की खर्ज कित्येक डेसिबलने पडतो. कोणतीही तार तो परत आणू शकत नाही.

‘पैसा माझा, हौस माझी’ असे कोणी म्हणेल, आणि त्यात काही वावगे नाही. सुंदर विणलेली केबल हातात धरायला छान वाटते. दागिना म्हणून घ्या, आनंदाने वापरा. पण दागिना औषध म्हणून विकू नये, एवढी अपेक्षा विक्रेत्यांकडून ठेवायला हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते.

केबलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला एक छोटा हिस्सा श्रवण चाचणीवर खर्च करा. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ती थोड्या वेळात होते, दुखत नाही. गाणी ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजत असेल, आवाज कापसाआडून आल्यासारखे वाटत असतील, गर्दीत समोरच्याचे शब्द कळत नसतील, तर ती लांबणीवर टाकू नका. एरवीही हाती येणारा आलेख जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी नव्याशी ताडून बघा. आपल्या हेडफोनची स्वररेषा तोंडपाठ असणारे कितीतरी शौकीन असतात. आपल्या कानाची रेषा मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेली असते.