पट्टी वाचणाऱ्या सिस्टरला मराठी पुस्तक हवे

रात्री दोन वाजता छाती धरून आलेला शेतकरी दवाखान्यात सर्वांत आधी कोणाच्या हाती लागतो? बहुधा सिस्टरच्या. इसीजीची पट्टी तीच काढते. अशा रुग्णाची पट्टी १० मिनिटांच्या आत काढून वाचली जावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. पट्टी निघते, पण डॉक्टर येईपर्यंत ती वाचायची कोणी?

परिचारिकांना हे झेपणार नाही, असे म्हणणारे आहेत. त्यांना आम्ही जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांनी हृदयविभागातील परिचारिकांना पट्टी वाचायला आणि वेळ पडल्यास विजेचा झटका द्यायला शिकविले. १९६५ साली सहकाऱ्यांसह त्यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. म्हणजे प्रश्न कुवतीचा नाही, शिकविण्याचा आहे.

आमच्या सीमाभागातल्या अनेक मुली दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि नर्सिंगला गेल्या की सारी पुस्तके इंग्रजी. ठोके मोजण्यापुरते जमते. मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, ठोके नियमित असतील तर ३०० ला दोन ठोक्यांमधील मोठ्या चौकोनांच्या संख्येने भागले की झाले. खरी परीक्षा पुढे आहे. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटीचा भाग वर उचललेला दिसला, तर हृदयाच्या खालच्या भिंतीला धोका संभवतो. मग छातीच्या उजव्या बाजूचीही पट्टी काढायची. कारण उजवा कप्पा बाधित असेल, तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हे 'कारण' पाठ करून उपयोग नाही, ते उमजावे लागते. आणि उमजते ते आपल्या भाषेत.

साधने नाहीत असे नाही. डॉ. डुबिन यांचे १९७० चे आणि डॉ. हॅम्प्टन यांचे १९७३ चे पुस्तक आजही वाचले जाते. 'लाइफ इन द फास्ट लेन' या संकेतस्थळावर पट्ट्यांचा संग्रह मोफत आहे. पण हे सारे इंग्रजीत! इंग्रजी टाका, असे आम्ही म्हणत नाही. पी, क्यूआरएस, एसटी ही अक्षरे तशीच राहोत. त्यांचा अर्थ मात्र मराठीत सांगा.

त्यासाठी सरकारी आदेशाची वाट कशाला पाहायची? तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्याला एक तास काढावा. रुग्णाचे नाव झाकलेली एक पट्टी घ्यावी. सिस्टरने आपले वाचन आधी वहीत लिहावे; मग कुठे आणि का चुकले, ते डॉक्टरांनी सांगावे. टिपणे मराठीत ठेवावीत, कन्नड भगिनींसाठी कन्नडमध्येही. वर्षाला ५० पट्ट्या जमल्या की पुस्तिका तयार! ती छापण्याचा भार गावोगावच्या वाचनालयांनी उचलावा.

भाषेसाठी आम्ही फलकांवर भांडलो, परिपत्रकांवर भांडलो. ते योग्यच होते. पण मराठीची गरज त्या गुलाबी चौकोनी कागदावरही आहे, आणि तिथे उशीर झाला तर माणूस जातो.