काळ्या पाषाणाच्या पोटात

मराठवाड्यातल्या येलदरीच्या शिवारात पाण्यासाठी बोअर घेताना शेतकऱ्याचे डोळे बाहेर उडणाऱ्या भुकटीवर खिळलेले असतात. मांजऱ्या, म्हणजे पाणी धरणारा सच्छिद्र खडक, लागला तर आशा, नुसता काळा पाषाण लागला तर खिसा रिकामा. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा; पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या याच लाव्ह्याच्या मुलखात उभे आहे. पाण्यासाठी एवढे खोल जायचे, तर या पाषाणाखाली तेल असेल का, ही शंका वेडगळ नाही. तिचा उलगडा होतो तो तेलसंपन्न सैबेरियाकडे पाहिल्यावर.

तिथेही असाच लाव्हा पसरला होता, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी. फरक आहे तो क्रमाचा. पश्चिम सैबेरियात लाव्हा आधी आला. मग जमीन खचली, समुद्र आत शिरला आणि कित्येक किलोमीटर गाळ साचला. जुरासिक काळातल्या चिखलातले सेंद्रिय द्रव्य खोलवरच्या उष्णतेत शिजले, त्याचे तेल झाले आणि ते वर सरकून वालुकाश्मात मुरले. 1974 साली मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल गवसले, तिथला तेलाचा चुनखडकही लाव्ह्यानंतरचाच. मराठवाड्यात मात्र लाव्हा शेवटी आला आणि सगळ्यावर झाकण घालून बसला. किल्लारीच्या 1993च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात 338 मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळ आणि मग थेट प्राचीन कठीण खडक निघाला. एका विवरावरून सगळ्या मराठवाड्याचा निवाडा होत नाही, हे मान्य. पण 8 मीटर गाळात तेल शिजत नाही.

म्हणून तेलासाठी दूरच्या गाळाकडे पाहावे लागते. आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला सुमारे 9 हजार कोटी पिंपे तेल अजून सापडायचे आहे, असा अंदाज अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेने 2008 मध्ये मांडला. त्याच वर्तुळापलीकडच्या, रशियातल्या वानकोर तेलक्षेत्रात आपल्या सरकारी कंपन्यांनी 2016 मध्ये मिळून जवळपास निम्मा वाटा घेतला. व्यवहार वाईट नव्हता. पण युक्रेन युद्धानंतर त्याचा लाभांश रशियातच अडकून पडला.

एवढ्या दूरच्या गाळाचा हिशेब ठेवणाऱ्या देशात किल्लारीच्या पोटात खोल उतरण्याची जाग मात्र माणसे गाडली गेल्यावर आली. 2024 मध्ये हिंगोलीकडून आलेले धक्के परभणीकरांनाही जाणवले. पूर्णेच्या खोऱ्यात खोल विवरे आता घ्यावीत, तेलाच्या आशेने नव्हे, तर भूकंपाचा अभ्यास आणि पाण्याचा शोध यांसाठी. त्यांच्या नोंदी मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागाव्यात. बोअरची गाडी दारात उभी राहण्याआधी शेतकऱ्याला त्या वाचता आल्या पाहिजेत.