जोडणीचा कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी

मैत्रिणींनो, मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून सुटे भाग जोडून घेतलेला, म्हणजे ‘असेंबल’ केलेला कॉम्प्युटर ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द. असा कॉम्प्युटर म्हणजे कापड आणून शिंप्याकडून शिवून घेतलेले ब्लाऊज. मापाला बसते, पैसेही वाचतात. पण उसवले तर जाब विचारायला एक कंपनी नसते. मदरबोर्ड एकाचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची! अपडेटची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही बरं का! पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि ज्यावर आपण बँकेचे व्यवहार करतो त्यावर हे बरे नव्हे. म्हणून विंडोज ११ घ्यायला जावे, तर ‘हा पीसी पात्र नाही’ असा निरोप येतो. आमच्या शेजारच्या वहिनींना दुकानदाराने सरळ सांगितले, “जुना झाला, नवा घ्या.” अहो, पाच वर्षांचा कॉम्प्युटर! नीट पाहिले तेव्हा आत सगळे होते, फक्त एक खटका बंद होता. तेवढ्यासाठी नव्या कॉम्प्युटरचे पैसे गेले असते.

हा खटका टीपीएमचा. सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारी ही सोय. विंडोज ११ ला तिची २.० ही आवृत्ती लागते. बऱ्याच प्रोसेसरमध्ये ती असतेच, पण जोडणीच्या कॉम्प्युटरमध्ये पुष्कळदा बंद राहिलेली असते.

तपासायचे कसे? विंडोज आणि आर ही बटणे एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत टीपीएम, मग टिंब, मग एमएससी लिहा. टीपीएम सापडत नाही असे उत्तर आले, तर लगेच हताश होऊ नका. आधी प्रोसेसरचे नाव पाहा. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आय५-७४०० ही सातवी पिढी, आय५-८४०० ही आठवी. एएमडीचा असेल तर साधारणपणे रायझन २००० मालिकेपासून पुढचा. मोजके अपवाद आहेत, पण हिशेब हाच.

प्रोसेसर बसत असेल तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करताना डिलीट किंवा एफ२ बटण दाबत राहावे, म्हणजे बायोसचे पान उघडते. तिथे इंटेलवाल्यांनी पीटीटी आणि एएमडीवाल्यांनी एफटीपीएम शोधून चालू करावे, आणि जतन करून बाहेर पडावे. बाकी कशालाही हात लावू नये! विशेषतः सीएसएम नावाचा खटका. डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असेल आणि तो बंद केला, तर विंडोज सुरूच होत नाही. ती मांडणी बदलायचे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

मात्र या सगळ्याच्या आधी दोन कामे करायची. मुलांचे फोटो, हिशेब, कागदपत्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली वहीत उतरवावी. बायोसमधल्या बदलानंतर कॉम्प्युटर ती मागू शकतो, आणि ती नसली तर आपल्याच घराबाहेर आपण!

अपडेट सुरू होऊन मध्येच मागे फिरते, अशीही तक्रार असते. अशा वेळी प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढून ठेवावी, सी ड्राइव्हवर जागा मोकळी करावी आणि मग पुन्हा करून पाहावे. एका वेळी एकच बदल करायचा. वर्गात मी मुलांना सांगते तेच, चार पायऱ्या एकदम खोडल्या तर चूक कुठली होती ते कळत नाही. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय अपडेटला बसूच नये.

अपडेटनंतर आवाज किंवा इंटरनेट गेले, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. तो मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकाने मिळतो. नेटचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवणे शहाणपणाचे. काहीच जमले नाही तर सेटिंगमधल्या रिकव्हरीतून सहसा दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येते.

आणि प्रोसेसर खरोखरच जुना निघाला तर? तरी सगळा कॉम्प्युटर बदलायला नको. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बहुधा रॅम बदलावी लागेल. पडदा, कीबोर्ड, कॅबिनेट, डिस्क सहसा चालून जातात. शिवलेल्या कपड्याचा हाच तर फायदा, बाही बदलता येते! फक्त मदरबोर्ड बदलला की विंडोजचा परवाना पुन्हा घ्यावा लागेल का, हे दुकानदाराला आधी विचारावे.

आज एवढे करा. घरातल्या वहीत एका पानावर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांची नावे व क्रमांक लिहा, शेजारी बिल चिकटवा. बिल सापडत नसेल तर विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये बहुतेक माहिती मिळते. हे पान घेऊन दुकानात गेलात, की “नवाच घ्या” म्हणणारा दुकानदारही आधी तुमचे नीट ऐकून घेईल.