पोवळं सांगतं समुद्राची जुनी गोष्ट



बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली म्हातारी माणसं आजही गावोगाव भेटतात. त्या साली, म्हणजे १९७२ मध्ये, इथून हजारो कोसांवर पॅसिफिक महासागराचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं. यालाच एल निनो म्हणतात. तो आला की पुष्कळदा आपल्याकडचा पाऊस ओढ देतो.

मग पूर्वी तो किती वेळा आला असेल? तापमापकाच्या भरवशाच्या नोंदी फार तर दीडशे वर्षांच्या. त्याआधीचं कोण सांगणार? ते सांगतं पोवळं.

अंगठीतलं लाल पोवळं तुम्ही पाहिलंच आहे. त्याच्याच नात्यातले बारीक जीव उथळ, उबदार समुद्रात चुन्याची घरं बांधतात. घरावर घर चढत ती वर्षाला साधारण एक-दोन सेंटिमीटर वाढतात. झाडाच्या खोडात दिसावेत तसे त्यांत वर्षावर्षाचे थर असतात. क्ष-किरणांच्या फोटोत ते मोजता येतात.

हा चुना तयार होताना पाण्यातला ऑक्सिजन त्यात बसतो. ऑक्सिजन हलका असतो तसा जडही असतो. पाणी थंड असलं की जड ऑक्सिजन जास्त बसतो. पाणी तापलं आणि वर पाऊसही खूप झाला की कमी बसतो. थर खरवडून तपासला, की त्या वेळी समुद्र कसा होता ते कळतं.

पॅसिफिकमध्ये पामायरा नावाचं बेट आहे. वादळांनी तिथल्या किनाऱ्यावर मेलेल्या पोवळ्यांचे मोठमोठे गोटे आणून टाकले आहेत. किम कॉब या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते तपासले. आतल्या युरेनियमचं थोरियम किती झालं, यावरून त्यांचं वय काढलं. २००३ मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला. गेल्या अकराशे वर्षांतले वेगवेगळे काळ हाती लागले. सतराव्या शतकाच्या मध्याला तर एल निनो विसाव्या शतकापेक्षाही जोराने आणि वारंवार आला होता.

म्हणजे हा पाहुणा जुनाच आहे आणि तो पुन्हापुन्हा येणार. त्याची बातमी ऐकून हातपाय मात्र गाळू नयेत. १९९७ मध्ये तो जोरात होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. पण त्या साली कडब्याची गंजी विकायची घाई करू नये, विहिरीचं पाणी जपावं आणि थोडं रान कमी पाण्याच्या पिकाला ठेवावं. पाऊस आला तर नुकसान नाही. नाही आला तर गोठा तरी रिकामा होणार नाही.