छातीतल्या यंत्राचा झटका

‘हृदयविकाराचा झटका’ हे शब्द आता घरोघरी ठाऊक झाले आहेत. पण वाचकहो, आज ज्या झटक्याविषयी सांगायचे आहे तो निराळा. तो छातीत बसवलेले यंत्र देते, आणि जीव वाचवण्यासाठी देते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला की हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो व तिथे वण राहतो. त्या वणात थोडे जिवंत तंतू उरतात. ओढ्यातले पाणी दगडांत अडून भोवरा धरते, तसा हृदयातला विजेचा प्रवाह या तंतूंतून गोल फिरू लागतो. मग हृदयाचे खालचे कप्पे मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धडधडतात. दुबळ्या हृदयाला हे सोसत नाही. भोवळ येते, शुद्ध जाते, प्रसंगी प्राणही जातो.

ज्यांचे हृदय फार दुबळे झाले आहे त्यांना डॉक्टर पुष्कळदा असे यंत्र बसवतात. डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतले हे यंत्र 1980 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे प्रथम माणसाला बसवले गेले. घातक ठोके ओळखून ते विजेचा झटका देते. मात्र मूळ भोवरा मिटत नाही. झटके वारंवार बसू लागले की माणूस धास्तावतो, त्याची झोप उडते.

अशा वेळी, गोळ्यांनी भागत नसेल तर, ‘ॲब्लेशन’ हा उपाय आहे. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, वणाचा नकाशा काढतात आणि प्रवाह जिथून फिरतो तेवढाच भाग उष्णतेने निकामी करतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे 259 रुग्ण होते. मृत्यू, यंत्राचे झटके आणि धडधडीचे वादळ यांपैकी काही ना काही ॲब्लेशन केलेल्यांत शेकडा 59 जणांना, तर गोळ्या वाढवलेल्यांत शेकडा 68 जणांना भोगावे लागले. नुसते मृत्यू पाहिले, तर मात्र ठळक फरक नव्हता.

तेव्हा आशा धरायची ती झटके कमी होण्याची. हृदय त्याने पुन्हा धडधाकट होईल असे समजू नका. गोळ्या, कमी मीठ आणि रोज वजन पाहणे चालूच ठेवावे लागते. रक्तस्राव, पक्षाघात, रक्तदाब कोसळणे हे धोके आहेत, आणि हृदय जितके दुबळे तितके ते अधिक. म्हणून अगदी अखेरपर्यंत थांबू नये. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: आधी सूज व धाप उतरवून मग करता येईल का? मध्येच रक्तदाब घसरला तर काय सोय आहे?

घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. एक झटका बसून माणूस ठीक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले, किंवा छातीत दुखले, धाप लागली, शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करा. झटक्याच्या वेळी रुग्णाला हात लागला तरी तुम्हाला अपाय होत नाही, फार तर मुंग्या येतात. त्याला एकटे सोडू नका.